फळ्यावरची दोन नावं

ताज्या सारवलेल्या फळ्याचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? बॅटरीच्या जुन्या सेलातली काळी भुकटी आणि वालाचा पाला एकत्र कुटून तो लेप फळ्यावर फिरवला, की एक हिरवट, कडसर गंध दरवळू लागतो. अत्तराच्या कुपीलाही तो साधायचा नाही! सुगी आटोपून जत्रा आठवड्यावर आली, की या गंधाच्या ओढीनं मी लातूरहून एसटी पकडतो आणि मुखेडजवळच्या आमच्या गावात उतरतो. पेशानं मी शाळामास्तर. अक्षर वळणदार म्हणून पारापुढच्या या फळ्यावर जत्रेचे कार्यक्रम लिहिण्याचा मान माझ्याकडे आला, तो वीस वर्षं टिकून आहे.

हल्ली बातम्या मोबाइलवर आधी येतात, पण फळ्यावर चढल्याशिवाय आमचं गाव कशावर विश्वास ठेवत नाही. भजन, भारूड, शाळेचं नाटक, विहारातल्या तरुणांची भीमगीतं... काळ्याभोर फळ्यावर ही शुभ्र अक्षरं उमटू लागली, की अजून न घडलेला आनंद आधीच घरी येऊन बसल्यासारखा वाटतो. झालेल्या सणापेक्षा येणाऱ्या सणाचं सुख काकणभर सरसच, नाही का? नेम मात्र एक आहे: फळ्यावर चढलेलं नाव कार्यक्रम होईपर्यंत पुसायचं नाही. पूर्वी एकदा कुणी ते पुसलं, तर दोन भावक्या वर्षभर एकमेकींच्या लग्नात जेवल्या नव्हत्या.

यंदा माझ्या हातानंच घात केला. सवयीच्या ओघात मी लिहून गेलो: ‘शुक्रवारी जात्यावरच्या ओव्या, गोदाबाई आणि रुक्मिणबाई’. मागून कुणीतरी ती ओळ मोठ्यानं वाचली, तेव्हा कुठे ध्यानात आलं. रुक्मिणबाई गेल्या श्रावणात वारल्या होत्या. माझी गोदाआत्या आणि विहाराशेजारच्या रुक्मिणबाई जन्मभर एकाच जात्याला समोरासमोर बसल्या. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. जत्रेच्या मंडपातही त्यांच्यासाठी जातंच मांडलं जाई. मैत्रीण गेल्यापासून आत्यानं ओठांवर ओवी आणली नव्हती, आणि मी भर पारावर तिच्या दुःखाची जाहिरात लावली होती! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

कुणीतरी आत्याला बोलावून आणलं. साक्षरतेच्या वर्गात दोघी शेजारी बसून एकमेकींची नावं तेवढी शिकल्या होत्या, त्यामुळे तिला त्या ओळीतलं नेमकं तेवढंच वाचता आलं. मी ओलं फडकं उचललं.

“ठिव ते खाली,” आत्या म्हणाली. “चढलेलं नाव पुसायचं न्हाई, ठाव न्हाई का तुला?”

“पण आत्या, ओव्या कोण म्हणणार?”

“मी हाय की. पर जातं एकटीच्यानं वढत न्हाई. रुक्मीचं नाव तूच लिहिलंस न्हवं? मग खुंट्याला हात बी तूच लावायचा.”

सारा पार खदखदून हसला. शाळेतल्या प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवतो, हे माझे विद्यार्थीसुद्धा जाणतात! पण नेम तो नेम. रजा वाढवली आणि रोज दुपारी आत्यासमोर जात्याला बसू लागलो. ज्वारी भरड निघते, ओळ उचलायला उशीर होतो, तळव्याला फोड आले आहेत. “रुक्मी असा हिसका देत न्हवती,” असं दिवसातून दहादा ऐकून घेतो. काल मात्र आत्यानं डोळे मिटून ओळ टाकली, मी ती कशीबशी वेळेवर उचलली, आणि डोळे न उघडताच ती हसून म्हणाली, “वढ, रुक्मे.”

माझा हात थांबला नाही, एवढंच मी जाणतो.

आज परतताना फळ्यापुढे क्षणभर रेंगाळलो. पाल्याचा तो कडसर गंध अजून पुरता विरला नव्हता. शेजारी शेजारी ती दोन नावं तशीच होती. माझं नाव फळ्यावर कुठेच नाही. शुक्रवारी मी रुक्मिणबाई आहे.