फ्लेमिंगो पाहायला गेलो तेव्हा

माझे यजमान पारशिवनीजवळच्या एका खेड्यातले. घर शेतकऱ्याचं, पण त्यांचं आयुष्य नागपूरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेलं. पक्ष्यांचं वेड गावच्या तलावावरचं. रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून कुठल्या तरी तलावावर न्यायचे, दुर्बीण हातात द्यायचे आणि म्हणायचे, "पाह्य वं, चक्रवाक आला." मला निम्म्या वेळा नुसतं पाणीच दिसायचं.

फ्लेमिंगो मुंबईच्या खाडीतही येतात. पण ह्यांना पाहायचे होते ते श्रीलंकेतल्या एका बेटावरच्या अभयारण्यातले. कुणीतरी फोटो दाखवला होता. ताडाची झाडं, उथळ पाणी आणि त्यात दूरवर गेलेली गुलाबी रेघ. "रिटायर झालो की जाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

रिटायर झाले आणि विसरायला लागले. आधी पक्ष्यांची नावं गेली. मग एकदा भाजी घेऊन येताना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, कुठे वळायचं ते कळेना. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मला एकटीला आत बोलावून सांगितलं, "हे आता वाढतच जाणार. कुठे न्यायचं असेल तर लवकर न्या." पुण्याच्या मुलीने त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

प्रवासात ते छान होते. बेटावर मोकाट गाढवं फिरतात, ती पाहून जीपमध्ये खूप हसले. "इथं गाढवाईले कोणी हाकलून नाही राहिलं वं," म्हणाले. मला वाटलं, आलो ते बरं झालं.

ड्रायव्हरने खाजणाच्या काठाशी जीप थांबवली. समोर फ्लेमिंगो होते, मोजता येणार नाहीत इतके. माना पाण्यात घालून सगळे सावकाश पुढे सरकत होते. हे दुर्बीण लावून खूप वेळ उभे राहिले. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. मग त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि अदबीने माझ्यापुढे धरली.

"ताई, तुम्ही पाहा."

लग्नानंतर त्यांनी मला कधी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, मी आहे."

ते ओळख नसलेल्या माणसाकडे पाहून हसतो तसं हसले. "तुम्ही पण नागपूरच्या काय? बरं वाटलं. माह्या बायकोले दाखवाचं होतं हे. ते आली नाही."

दुर्बीण घेत मी "मीच ती" असं सांगणार होते. पण त्यांचा चेहरा इतका शांत होता, की ती शांतता मोडायचं धाडस झालं नाही. मी विचारलं, "कशा आहेत तुमच्या मिसेस?"

"चांगली आहे. तिले पक्षी ओळखू येत नाही, पण येते माह्यासंगं. उन्हात उभी राहते, बोलत नाही काही." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "तिले घरी एकटं ठेवून आलो मी. काहून आलो असा?"

आणि ते अस्वस्थ झाले. घरी जायचं, आत्ताच, असं म्हणत जीपकडे चालायला लागले. पक्षी एकदम उडाले, पंखांचा लाल रंग सगळ्या आभाळावर दिसला. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी दुर्बीण हातात घेऊन त्यांच्या मागे पळाले. डोळ्यांना लावली नाही.

रात्री मुलीचा फोन आला. "बाबांनी पाहिले का गं?"

"पाहिले," मी म्हटलं. "खूप वेळ पाहिले."

तेव्हापासून मी ताईच आहे. सुरुवातीला मी लग्नाचा अल्बम काढून बसायची. ते फोटोतल्या मुलीवर बोट ठेवून म्हणायचे, "हेच ते, माही बायको," आणि माझ्याकडे अभिमानाने पाहायचे. मग मी अल्बम काढणं सोडलं.

दुपारी मी ताट वाढते. ते घास घेत नाहीत.

"ताई, ते जेवली काय?"

"जेवली," मी सांगते. मग ते जेवायला लागतात.