चॅम्पियन बैलांचा सत्कार

मला सांगा, परदेशात माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर? वकिलावर? इन्शुरन्सवाल्यावर? हवामान सांगणाऱ्यावर? आमच्या गावच्या तेरा दांडगट माणसांनी तो माझ्यावर ठेवला, आणि चेंडूला हातही न लावता चॅम्पियनशिप घालवून बसले! घ्या, चहा घ्या. हसायचं तर मोकळेपणानं हसा, मला आता सवय झालीय.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अमेरिकेत आयसेलिनला माझं दुकान. एका भिंतीला तूरडाळ, दुसरीला साड्या, मधे प्रेशर कुकर. शिक्षण सातवी पास. इंग्रजी गिऱ्हाइकांनी शिकवलेलं, त्यामुळं भाव करताना फाडफाड, एरवी गप्प.

गावात रग्बी लीगचा एक क्लब होता. जर्सीवर बैलाचं डोकं, म्हणून आम्ही त्यांना 'बैल'च म्हणायचो. तसे प्रोफेशनल, म्हणजे सामन्यागणिक पैसे मिळायचे. पण सोमवारी जो तो आपापल्या कामावर. कुणी ट्रकवाला, कुणी गवंडी, दोघं आगीच्या बंबावर. खेळ मला शेवटपर्यंत नीट कळला नाही. चेंडू हातानं फक्त मागं द्यायचा आणि सगळ्यांनी पुढं पळायचं! पण आमच्या मराठी मंडळाची कमिटी बघितलेल्या माणसाला त्यात काय नवल?

कप्तान माइक, धंद्यानं प्लंबर. दुकानातला पाइप फुटला तेव्हा आला आणि जाताना आंब्याच्या लोणच्याचं गिऱ्हाईक होऊन गेला. आदल्या वर्षी बैल चॅम्पियन झाले होते. आणि चॅम्पियन झालं की काय होतं? पुढच्या वर्षी जो येतो तो तुम्हालाच पाडायला येतो. त्या मोसमात कुणाचा दात गेला, ट्रकवाल्याची बरगडी मोडली, तो पट्टा आवळून खेळला. तरी एकही सामना हरले नाहीत. राहिला शेवटचा. तो जिंकला की कप पुन्हा घरात. माइक छत्तीस वर्षांचा, गुडघे कामातून गेलेले. यंदा कप राखला की खेळ बंद, असं बायकोला वचन दिलेलं.

इथं मला काय सुचावं? सत्कार!

आता खोटं कशाला बोलू? पुढच्या वर्षी जर्सीवर माझ्या दुकानाचं नाव यावं, ही एक इच्छा. आणि मागच्या हिवाळ्यातल्या शाली पडून होत्या, ही दुसरी. मला वाटलं, माइकला एक शाल, एक नारळ, एक फोटो. वीस मिनिटांचं काम.

पण मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर सबनीस. हृदयाचे डॉक्टर, पण माइक दिसला की त्यांचंच हृदय धडधडायचं. माइक माणूस नव्हे हो, बोलायचा माइक!

"शेठ, एकाचाच सत्कार? बाकीचे बारा काय म्हणतील?"

"मग तेराही जणांचा करू."

"करायचा. आणि प्रत्येकाला शाल वेगळ्या माणसाच्या हस्ते. नाहीतर कमिटीत कोण राहील?"

हॉल मिळाला चर्चच्या तळघरातला, तोही नेमका शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी. सामना दोन वाजता, पेनसिल्व्हेनियात, दीड तासावर. अर्ध्या तासाहून उशीर झाला तर सामना समोरच्याला बहाल, असा लीगचा नियम. माइकनं मला दुकानात येऊन विचारलं, "बाराला सोडशील ना?"

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "बाराला म्हणजे बाराला. माझा शब्द!"

कार्यक्रम दहाचा. तेराही बैल पावणेदहाला हजर, कोट घालून, भांग पाडून. आपली माणसं? पावणेअकरापर्यंत येतच होती. समई लावली तर वर धुराचा भोंगा केकाटायला लागला. बंबावरचे दोघे बैल खुर्चीवर चढले, भोंगा बंद केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सकाळी वेळेत झालेलं काम एवढंच.

मग गणेशस्तवन झालं. दोन काकू डोळे मिटून गायल्या. माइकनं मान खाली घातली, त्याचं बघून बाकीच्या बारा जणांनीही घातली. स्तवन संपलं, सबनीस बोलायला उभे राहिले, तरी माना खालीच!

"काय नम्रता आहे बघा!" मी बायकोच्या कानात म्हणालो.

"नम्रता नाही, झोप आहे ती," ही म्हणाली. "आवरा लवकर."

सबनीस शुद्ध मराठीत बोलत होते. मी आधीच विचारलं होतं, "डॉक्टर, सत्कारमूर्तींना काही कळायला नको?" तर म्हणाले, "सत्कारमूर्तींना शाल कळते. आणि इथं आपण मराठी नाही बोलायचं तर कुठं बोलायचं?" चाळीस मिनिटं बोलले. मर्दानी खेळांपासून सुरुवात करून स्वतः केलेल्या बायपासच्या ऑपरेशनांपर्यंत आले. मग खजिनदार. मग माजी अध्यक्ष, कारण आजी बोलले तर माजी गप्प कसे बसणार? मग तेरा शाली, तेरा नारळ, तेरा फोटो. एका फोटोत फ्लॅश उडाला नाही म्हणून चौथी शाल काढून परत घातली.

मी मधेमधे माइककडं बघत होतो. बाराला एकदा त्यानं घड्याळ पाहिलं. मी खूण केली, "ओके?" त्यानं गंभीरपणे मान हलवली. मग मला वाटलं, अरे, यांना आवडतंय!

साडेबाराला सगळं उरकलं. नीट ऐका हं. साडेबाराला. तेव्हा निघाले असते तर दोनच्या ठोक्याला मैदानावर.

पण आभार राहिले होते ना! आणि आभार माझ्याकडं.

आता दुकानदारानं आभार मानायचे म्हणजे जोखमीचं काम. एक नाव राहिलं की एक घर तुटलं, त्यांची डाळ दुसऱ्या दुकानातून. मी कागदावर सत्तर नावं लिहून आणली होती. वेळ वाचावा म्हणून लोकांना आधीच बजावलं, "मधे टाळ्या नकोत, शेवटी एकदम वाजवा." केवढी अक्कल! मग हात जोडले आणि सुरू झालो. एकेक नाव, त्या माणसानं काय काय केलं ते दोन वाक्यांत, जरासं थांबणं, मग पुढचं नाव. सबनीसांचं तर तीनदा घेतलं, अध्यक्ष पडले! माझाच गळा दाटून आला. पाऊण तास!

सव्वा वाजता बैल बसकडं धावले. मी माझी गाडी मागं लावली. पोचलो पावणेतीनला. समोरचा संघ मैदानात उभा, रेफ्री घड्याळ खिशात टाकत होता. तेरा माणसं खांद्यावर शाली, हातात नारळ घेऊन बसमधून उतरली, आणि तिथंच उभी राहिली. सामना गेला, कप गेला. ट्रकवाला बरगडी धरून गवतावर बसला. माइकनं नुसती माझ्याकडं बघून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर त्यांची व्हॅन थांबली. चार बैल उतरले.

"अगं बाई! शटर ओढा!" ही ओरडली.

मी शटरपाशी पोचतोय तोच दार उघडलं. पुढं माइक, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणि एक कार्ड. मला म्हणाला, आणि हे मी आपल्या भाषेत सांगतो, "आम्हाला निघता आलं असतं रे. पण प्रार्थना चालू असताना उठायचं कसं?"

"प्रार्थना?"

"सगळ्याच चांगल्या होत्या. पण तुझी शेवटची! हात जोडून एकेक नाव घेत होतास, गळा दाटला होता, आणि हॉलमध्ये कुणी हूं की चूं नाही. आमच्या चर्चमध्येही वर्षात गेलेल्यांची नावं अशीच वाचतात." त्यानं कार्ड पुढं केलं. तेरा सह्या. "पण सत्तर माणसं! एका वर्षात! आणि तो डॉक्टर सबनीस कोण? तीनदा नाव घेतलंस. फार जवळचा होता का?"

जवळचा? चार फुटांवर मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करत उभा होता!

माइकचं लक्ष तिकडं गेलं. त्याचा चेहरा उजळला. "अरे, फादर! काल गाण्यानंतरची पहिली प्रार्थना तुमचीच ना?" आणि गुच्छ सबनीसांच्या हातात देऊन हळूच म्हणाला, "डॉक्टरच्या थडग्यावर तुमच्याच हातानं ठेवा."

सबनीसांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी तूरडाळीकडं बघितलं. त्यांनी फुलं घेतली. दुसरं करतील काय?

खरं सांगायची हिंमत मला झाली नाही. तेव्हा तुम्हाला एकच विनंती. ही गोष्ट कुठं सांगाल तर हिशोब प्रामाणिक ठेवा. त्या मोसमात बैल जेवढे सामने खेळले तेवढे जिंकले. गेला तो एकच, आणि तो त्यांच्या नावावर मांडू नका, माझ्या खात्यात लिहा. डॉक्टरांच्याही नको. ते बिचारे तर केव्हाच गेले.