आबांच्या प्लेटलेट

सांगलीच्या एका रुग्णालयात कॅन्सर वॉर्डची नर्स म्हणून माझं तेव्हा दुसरंच वर्ष होतं. तासगावला बेदाण्याच्या शेडवर काम करणारी एक बाई रक्ताच्या कॅन्सरसाठी आमच्याकडं होती. केमोमुळं तिच्या प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या, आणि त्यांच्याशिवाय रक्त थांबत नाही.

त्या सकाळी तिनं चहाला हात लावला नाही. तोंड उघडायला लावलं तर हिरड्या रक्तानं भरलेल्या. पहाटेपासून ती गुपचूप पदरात थुंकत होती. कळलं तर केमो बंद करतील, ही भीती. तेवढ्यात नाकातूनही धार लागली. नवरा तिचं डोकं मागं टेकवायला धावला. रक्त घशात उतरेल म्हणून मी त्याला अडवलं, तिला पुढं वाकवून बसवलं, नाक चिमटीत घट्ट धरलं आणि डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी नाकात पट्टी भरली, हिरड्यांवर औषधाचा बोळा दाबायला दिला, प्लेटलेट मागवल्या. रक्तपेढीत तिच्या गटाची एकही पिशवी नव्हती. नवऱ्याचा गट वेगळा.

नेमके त्याच दिवशी माझे वडील, आबा, मला भेटायला आले होते. जतकडचा माणूस, निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला, दवाखान्याची पायरी न चढलेला. त्यांचा गट मीच शिकत असताना तपासला होता, तो जुळत होता. तरी विचारायला जीभ रेटेना. हाताला सुई लावून तासदीड तास पडून राहायचं, मशीन प्लेटलेट तेवढ्या काढून घेतं, बाकीचं रक्त परत अंगात येतं, असं सगळं शेवटी सांगितलं.

ते म्हणाले, "ती बाई वाचंल व्हय?"

"सांगता येत न्हाई, आबा. पण ह्याच्याबिगर अवघड हाय."

"मग चल की."

तपासण्या झाल्या, आबा मशीनला लागले आणि दुपारी ती पिवळसर पिशवी मी माझ्या हातानं तिच्या खाटेशी लावली. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं, नाकाची नवी पट्टी कोरडी राहिली. पुढच्या दोन दिवसांत रक्तपेढीनं बोलावलेल्या, कुपवाडच्या कारखान्यातल्या दोघा कामगारांनीही प्लेटलेट दिल्या. काही महिन्यांनी आजार आटोक्यात आला आणि ती चालत घरी गेली.

गावात आबांनी पारावर बसून सगळ्यांना ऐकवलं, की माझ्या पोरीनं वाहतं रगत थांबवलं. स्वतः काय दिलं ते मात्र कुणाला बोलले नाहीत. ते मी सांगते, आजही, भेटेल त्याला.