डॅनीला जायचं होतं का?

निघायच्या दिवशी बाबा सुमोच्या टायरना लाथा मारून हवा तपासत होते. मुलगी परदेशी निघालीय आणि हा माणूस ड्रायव्हरशी स्टेपनीवरून हुज्जत घालतोय, म्हणून आई धुसफुसत होती. शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर दही ठेवलं, कुणीतरी बॅगेत मेतकुटाची आणखी एक पुडी कोंबली, आणि मग बाबांना टायर सोडून माझ्याकडे यावंच लागलं. "दोन वर्षं हं मनू. मग परत," ते म्हणाले. मी हो म्हटलं, आणि तो होकार तेव्हा अगदी मनापासून होता. गाडी वळताना मागे पाहिलं तर सगळी गल्ली हात हलवत होती. बाबा तेवढे हात पाठीमागे बांधून उभे होते.

त्या बांधलेल्या हातांचा अर्थ मला माहीत होता, म्हणून मुंबईपर्यंत मी रडत गेले. आमचं खडकी म्हणजे हॉकीचं वेड लागलेलं गाव. बाबा कारखान्याच्या संघातून लेफ्ट आउट खेळायचे आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरापोरींना शिकवायचे, त्यात मीही. शिकवलेल्यांपैकी एखादा चांगला निघाला की त्याला रेल्वेत नाहीतर पोलिसांत नोकरी लागायची, आणि पुढच्या स्पर्धेत तो त्यांच्या संघातून आमच्याच विरुद्ध उतरायचा. लोक टाळ्या वाजवायचे. बाबा मात्र हात पाठीमागे बांधून लांब कुठेतरी बघत राहायचे. "घरचं मैदान सोडलं, विषय संपला," एवढंच म्हणायचे. माझ्या खेळाबद्दल त्यांचं मत होतं की हात चांगले आहेत, पण पळायचा कंटाळा. तो कंटाळाच मला पुढे खुर्चीवर बसून करायच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगपर्यंत घेऊन गेला.

इंग्लंडात लेस्टरला गेलेल्यांनो, तुम्हाला निदान बेलग्रेव्ह रोडवर गरम जिलेबी मिळाली. इल्फर्डवाल्यांना भांडायला का होईना, आपल्याकडची माणसं मिळाली. आम्हा लंडनबाहेरच्या मेडनहेडवाल्यांना मिळाली ऑफिसं, त्यांचे कार पार्क आणि संध्याकाळ व्हायच्या आत बंद होणारी दुकानं. दोन हजार तीन सालचा तो सप्टेंबर. सुरुवातीचे शनिवार मी लाँड्रेटमध्ये बसून मशीनमध्ये फिरणारे कपडे बघत काढले. मग एक दिवस ऑफिसातल्या केव्हने विचारलं, "सॅटर्डेला हॉकीला येतेस का?" मी त्याला मिठी मारायचीच बाकी होती.

मी टोपी घेतली, पाण्याची बाटली घेतली, इथल्या आभाळाचा भरवसा नाही म्हणून छत्रीही घेतली, आणि शेजारच्या गावातल्या एका गोडाऊनसारख्या इमारतीपाशी उतरले. आत सगळा बर्फ. लोखंडी पात्यांचे बूट घातलेली माणसं एकमेकांना भिंतीवर आपटत होती, आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. मी सुती कुडत्यात, छत्रीसकट. शेजारच्या सीटवरच्या म्हातारीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपलं अर्धं ब्लँकेट माझ्या मांडीवर टाकलं. ती मार्गारेट. शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम करून रिटायर झालेली, आणि त्या रिंकमध्ये केव्हच्याही आधीपासून येणारी. पुढचे सगळे हिवाळे मी त्या अर्ध्या ब्लँकेटखालीच काढले.

डॅनी आमच्या संघातला, त्याच गावचा पोरगा. जेमतेम विशीचा. त्याची आई रिंकमध्येच चहाच्या काउंटरवर असायची. चकती त्याच्या स्टिकला चिकटवलीय असं वाटायचं. दोघातिघांना चकवून तो गोलपाशी पोचायचा, आणि तिथे काय व्हायचं देव जाणे, नेमकी बाहेर मारायचा. चकती दुसऱ्यांकडे गेली की साहेब पुढेच कंबरेवर हात ठेवून उभे, बचावाला मागे यायचं नाव नाही. पुढच्या सीझनला हा चमकणार, असं सगळे म्हणायचे, आणि म्हणे दर सीझनला म्हणायचे. "लेझी आहे तो, दॅट्स ऑल," केव्हचं म्हणणं. "त्याला कुणी प्रॉपर चान्सच दिलेला नाही, लव्ह," हे मार्गारेटचं. दोघांची अशी जुंपायची की समोर झालेला गोल बघायचा राहून जायचा.

रविवारी सकाळी फोनकार्ड खरवडून मी घरी फोन लावायची. बर्फावरच्या हॉकीचं ऐकून बाबांना आधी रागच आला. "मग पाय कुठे रोवतात?" त्यांनी विचारलं. पण महिन्याभरात ते दुपारची झोप सोडून फोनपाशी बसायला लागले आणि डॅनीचा 'आपला डॅनी' झाला. बाबा अर्थातच मार्गारेटच्या बाजूने. "त्या केव्हला सांग, घरचं पोर असं टाकून बोलायचं नसतं." केव्हचा उलट निरोप यायचा की तुझ्या डॅडना म्हणावं, आधी येऊन बघा, मग बोला. इकडचे टोमणे तिकडे पोचवायचं काम माझं, आणि मला ते फार आवडायचं. इतक्या लांबून बाबा आणि मी इतकं पूर्वी घरात बसूनही बोललो नव्हतो.

दुसरा हिवाळा संपत आला आणि ऑफिसने वर्क परमिट वाढवायचं का विचारलं. मला राहायचं होतं. खोटं कशाला बोलू, काम आवडत होतं, एकटीची खोली आवडत होती, नदीकाठी एकटीने हिंडणं आवडत होतं. पण हे बाबांना सांगायचं होतं. दर रविवारी आज सांगतेच असं ठरवून नंबर फिरवायचा, आणि तिकडून पहिला प्रश्न यायचा, "काय म्हणतोय आपला डॅनी?" मग डॅनीवरच सगळं कार्ड संपायचं.

त्याच सुमारास क्लबने डॅनीला उत्तरेकडच्या एका संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात तिथला एक दांडगा डिफेंडर घेतला. त्या शनिवारी खेळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. केव्हच्या मते सौदा फायद्याचा होता, मार्गारेटच्या मते क्लबने स्वतःचं नाक कापून घेतलं होतं. रविवारी बाबांचाही पारा चढलेला. "स्वतःच्या हाताने वाढवलेलं पोर विकलं? काय माणसं आहेत का कोण!" तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. हॉकीत कधी चुकून लक्ष न घातलेली माझी आई. "अहो, पण त्या पोराला जायचं होतं का, ते विचारलं का कुणी?"

नव्हतं विचारलं. एवढ्या हिरिरीने भांडलो आम्ही, पण हे कुणालाच सुचलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी मार्गारेटला विचारलं आणि ती उठून चहाच्या काउंटरवर गेली. परत आली ती डॅनीच्या आईला विचारूनच. डॅनीनेच क्लबकडे सोडा म्हणून मागणी केली होती. लहानपणापासून ओळखणाऱ्या लोकांसमोर त्याला खेळताच येत नव्हतं म्हणे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तोही तसलाच निघाला." आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी बोलून गेले, "बाबा, मलापण इथे राहायचंय. दोन वर्षांच्या पुढे." बाबा म्हणाले, "आईला देतो."

त्यानंतर किती तरी रविवार फोन आईच घ्यायची. बाबा बाहेर गेलेत म्हणायची, आणि मागे त्यांचा खोकला मला ऐकू यायचा. मला रागही यायचा आणि रडूही यायचं. शनिवारची मॅच सांगायला माणूसच उरला नव्हता.

पुढच्या सीझनला डॅनी पाहुण्या संघाचा शर्ट घालून आमच्या रिंकमध्ये उतरला. सोडून गेलेल्याची हुर्यो उडवायची इथे रीतच आहे, आणि केव्ह त्यात सगळ्यात पुढे. त्या कल्लोळात मार्गारेट ब्लँकेट बाजूला सारून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. केव्ह ओरडला, "मार्ज, कुणाच्या बाजूची आहेस तू?" ती म्हणाली, "सहा वर्षांचा असताना हा इथे धडपडायचा ते मी बघितलंय. मी बसून राहणार नाही." त्या दिवशी डॅनी प्रत्येक वेळी बचावाला मागे धावत आला, आणि शेवटी आमच्यावर गोलही केला. मार्गारेटने त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या.

हे मी आईला सांगितलं. तिला यातलं काय कळणार, पण ती म्हणाली, "थांब, हे यांना सांग," आणि रिसीव्हर बाबांच्या हातात गेला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मागे येत होता?" बाबांनी विचारलं.

"प्रत्येक वेळी."

"आणि ती बाई उभी राहिली?"

"हो बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि जेवलीस का विचारलं.

त्या डिसेंबरात मी घरी गेले. तुमच्यापैकी जे जाऊन येऊन असतात त्यांना ठाऊक आहे, पहिल्यांदा परत जाताना विमानापेक्षा गल्लीच्या तोंडाशी जास्त धडधडतं. कोपऱ्यावरचे दुकानदार काका ओरडले, "आली का पाहुणी! किती दिवस?" शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता काय बाई, तू तिकडचीच." सगळे हसले, मीही हसले, आणि ते मनाला लागलं. समोर आमच्या फाटकात बाबा उभे होते, हात पाठीमागे.

मी बॅग ओढत तशीच चालत राहिले. फाटक जवळ आलं तसे ते हात पुढे आले, आणि बाबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मोठ्याने, मैदानावर वाजवतात तशा. काकूंना कळेना काय चाललंय. "अहो, काय हे?" आई आतून म्हणाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी मेडनहेडलाच आहे, आणि घर कुठे असं इथे कुणी विचारलं की अजून चटकन उत्तर देता येत नाही. मग मला ते फाटक आठवतं. दुसऱ्या संघाचा शर्ट अंगात घालून मी आत येत होते, आणि बाबा टाळ्या वाजवायचे थांबत नव्हते.