पालथी काच

वेधशाळेत एकतीस वर्षे नोकरी केलेल्या बाईने दुर्बिणीला कधी डोळा लावला नव्हता, असे सांगितले तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. काचमावशींच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरे होते. त्यांची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि त्या वेळेत तारे कामावर नसत. मावशींच्या वाट्याला येत त्या ताऱ्यांची छायाचित्रे उमटलेल्या काचा: हातभर लांब, हातभर रुंद, आणि रंगाने उलट्या. आकाश स्वच्छ, तारे काळे. तारा जितका तेजस्वी, तितका काचेवरचा ठिपका मोठा.

तळमजल्यावर जिन्याखालून आत गेले की त्यांची काचखोली लागे. तिला खिडकी नव्हती. भिंतीला लागून लाकडी कपाटे, त्यांत पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या साडेअकरा हजार काचा, मधोमध खालून दिवा असलेले दुधी काचेचे टेबल, त्यावर एक भिंग, एक मऊ ब्रश आणि सुती हातमोजे. संचालकांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना काचमावशी म्हणत. कार्यालयाच्या दप्तरी त्या 'नोंद सहायक, श्रेणी तीन' होत्या. भौतिकशास्त्राची पदवी त्यांनी पहिल्या वर्गात मिळवली होती, ही गोष्ट दप्तराला ठाऊक होती आणि दप्तराने ती ठाऊक नसल्यासारखे वागण्याचे व्रत एकतीस वर्षे निष्ठेने पाळले होते.

काम त्यांना शिकवले थोरल्या सरांनी. हे गृहस्थ निवृत्त होऊन, पुढे वारूनही बरीच वर्षे झाली. पण मावशींच्या बोलण्यात ते रोज हजर असत. शेजारच्या दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या एका तारकानगरीच्या, एकेचाळीस काचा सरांनी त्यांच्यापुढे मांडल्या आणि सांगितले की हे गाव समजा. त्या गावाच्या सर्पिल बाहूंत धुळीचे काळपट पट्टे असतात, तिथे थंडगार वायूचे ढग आपल्याच भाराने आत आत दबत जातात, दबता दबता तापतात, आणि पोटात हायड्रोजन पेटला की तारा जन्मतो. जो अंगाने लहान, तो काटकसरीने जळतो आणि अब्जावधी वर्षे टिकतो. जो अवाढव्य, तो उधळ्या. कोटभर वर्षांत सगळे इंधन फुंकून मोकळा होतो, फुगतो, लाल पडतो. पोटात एकेक जड मूलद्रव्य शिजवत शेवटी लोखंडापाशी येऊन अडतो, कारण लोखंड जाळून ऊब मिळत नाही. मग क्षणार्धात गाभा ढासळतो आणि उरलेला तारा फुटून उधळला जातो. ती राख पुन्हा ढगांत मिसळते आणि तिच्यातून पुढचे तारे होतात.

हे सगळे मावशींनी घरी नणंदेला सांगून पाहिले होते. नणंद शेजारच्याच इमारतीत राहत असे आणि दुपारचा चहा घेऊन झाला की कोणाची नोकरी कशी आहे याचा निवाडा करीत असे. वहिनींची नोकरी म्हणजे काचा पुसण्याची, हा तिचा निवाडा ठरलेला होता. तुमच्या रक्तातले लोखंड अशाच एखाद्या ताऱ्याच्या पोटात तयार झाले आहे, असे मावशींनी सांगितले तेव्हा तिने शांतपणे उत्तर दिले होते, की डॉक्टर तर म्हणतात ते कमी पडले आहे. ताऱ्याला जरा जास्त पाठवायला सांगा.

त्या एकेचाळीस काचांत मावशींनी बाराशे तारे ओळखून त्यांना क्रमांक दिले. त्यांतला एकशे अठरा क्रमांकाचा तारा त्यांच्या विशेष लोभाचा. लाल काचेवर, म्हणजे फक्त लाल प्रकाश टिपलेल्या काचेवर, तो ठसठशीत दिसे आणि निळ्या प्रकाशातल्या निळ्या काचेवर जेमतेम. म्हणजे तांबडा, फुगलेला, म्हातारा. त्याचे तेज मोजायचे तर शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून पाहावे लागे. त्यासाठी मावशींनी तीन तारे निवडले होते, आणि त्यांना नाव ठेवले होते तीन जावा. दीर्घिकेच्या डाव्या अंगाला तिघी एका रांगेत उभ्या, फक्त मधली रुसल्यासारखी किंचित मागे सरकलेली. 'थोरलीहून लहान, मधलीहून मोठा' अशी एकशे अठराची नोंद वहीत पडे. काही वर्षांनंतरच्या काचेवर 'यंदा मंद, धाकटीच्या बरोबरीला', मग 'पुन्हा सावरला'. म्हातारा स्वतःच्या अंगावरची धूळ झटकत होता आणि त्याच धुळीत स्वतः झाकला जात होता. नणंद कधी कधी चौकशी करी, की तुमच्या एकशे अठराची तब्येत कशी आहे. ती चेष्टा होती. मावशी मात्र तिला नीट उत्तर देत.

एका गोष्टीची मेख इथे सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे तिच्यावर फिरले. काचेची एक बाजू चकचकीत असते, दुसरीवर रसायनाचा लेप असल्यामुळे ती मंद दिसते. मोठ्या दुर्बिणीच्या काचा मंद बाजू वर ठेवून पाहायच्या. आवारातल्या धाकट्या दुर्बिणीत मात्र एक आरसा अधिक होता, त्यामुळे तिचे चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटे. म्हणून तिच्या काचा चकचकीत बाजू वर ठेवून पाहायच्या, तरच डावे डावीकडे येई. शेजारच्या दीर्घिकेच्या सर्व एकेचाळीस काचा या धाकट्या दुर्बिणीच्या होत्या. थोरल्या सरांनी याची आठवण राहावी म्हणून अशा प्रत्येक काचेच्या कागदी पाकिटाचा एक कोपरा कात्रीने उडवला होता. त्याचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. कापलेला कोपरा हाच नियम.

तीन वर्षांपूर्वी सर्व काचांची संगणकीय चित्रे काढण्याचे काम बाहेरच्या मंडळींना दिले गेले. त्यांनी जुनी, पिवळी पडलेली पाकिटे फेकून नवी, शुभ्र, चारही कोपरे शाबूत असलेली पाकिटे चढवली. मावशींनी कापलेल्या कोपऱ्याचा अर्थ सांगणारा लेखी अर्ज केला. मग स्मरणपत्र दिले. मग दुसरे स्मरणपत्र दिले. ज्या संस्थेला पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश न चुकता मिळतो, तिला तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर पाठवलेले तीन कागद काही मिळाले नाहीत. मावशींनी कचऱ्याच्या टोपलीतून जुनी पाकिटे उचलली, आपल्या खणात ठेवली आणि हातमोजे चढवून कामाला लागल्या.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले असताना शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटल्याची बातमी आली. इतक्या जवळ असा स्फोट शतकात एखादाच. वरच्या मजल्यावर एकच धांदल उडाली. नव्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या मॅडम चार दिवस घरीसुद्धा गेल्या नाहीत असे पहारेकऱ्याने सांगितले. जगभरातून एकच विचारणा होत होती: फुटण्यापूर्वी त्या जागी कोणता तारा होता, हे दाखवणारी जुनी छायाचित्रे कोणाकडे आहेत? मावशींनी जिना चढून स्फोटाची जागा विचारली. आकडे पाठवतो, असे त्यांना सांगण्यात आले. आकडे आले नाहीत. त्याऐवजी आली एक नोटीस: शुक्रवारी मालमोटार येईल, काचा भंगारात जातील, खोली पाहुण्यांच्या बैठकीसाठी मोकळी करायची आहे, गुरुवारी अकराच्या सभेत कपाटांच्या किल्ल्या जमा कराव्यात.

त्या संध्याकाळी लेकीने आईला बजावले की आता चार महिन्यांसाठी कोणाशी वाकडे घेऊ नकोस, किल्ल्या दे आणि सुटून जा. लेकीचे चुकत नव्हते. पण साडेअकरा हजार काचांपैकी एकही दुसरीसारखी नाही, आणि त्यांतले आकाश आता पुन्हा कोणालाही टिपता येणार नाही, हे सांगायचे तरी कोणाला? गेलेल्या रात्री परत येत नाहीत.

गुरुवारी त्या हातमोजे न काढताच, किल्ल्यांचा जुडगा घेऊन सभागृहाच्या दारात उभ्या राहिल्या. आत वीसेक शास्त्रज्ञ बसले होते. संचालकांनी भिंतीवर शेजारच्या दीर्घिकेच्या एका जुन्या काचेचे चित्र टाकले. मध्यापासून मोजून काढलेल्या स्फोटाच्या जागेवर तांबडे वर्तुळ होते आणि वर्तुळात काहीच नव्हते. दोन बाहूंमधली नुसती रिकामी पोकळी. एकेचाळीस चित्रे पाहिली, ते म्हणाले, आणि एकेचाळीसही चित्रांत ही जागा कोरी आहे. ज्या काचा एवढ्या मोठ्या प्रसंगी उपयोगी पडत नाहीत, त्यांनी एक अख्खी खोली अडवून ठेवावी का, याचा सर्वांनीच विचार करावा. माना डोलल्या. माना डोलावण्याच्या कामी त्या सभागृहात कधीच कमतरता पडत नसे.

मावशी चित्राकडे पाहत होत्या. रोज पाहिलेल्या माणसाचा भांग अचानक दुसऱ्या बाजूला दिसावा तसे त्यांना झाले. मग त्यांनी शोधले आणि त्यांना दिसले: तीन जावा उजवीकडे होत्या. त्यांनी मनातल्या मनात चित्र उलटले, तांबडे वर्तुळ होते तिथेच ठेवले, आणि वर्तुळात जो तारा आला तो त्यांना पाहताक्षणी ओळखू आला.

"साहेब," त्या दारातूनच म्हणाल्या, "काच पालथी आहे."

संचालक हसले. हे संगणकावरचे चित्र आहे मावशी, काच नव्हे, असे त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले.

"चित्र काचेचंच काढलंय ना? ते काढताना काच पालथी पडली. एकेचाळीसच्या एकेचाळीस. म्हणून कुणाला पत्ता लागला नाही, सगळ्याच सारख्या चुकल्या. माझ्या जावा बघा, उजव्या हाताला गेल्यात."

सभागृहात हशा पिकला. कोणीतरी घरच्या भांडणावर विनोद केला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी उठून विचारले, "कुठल्या जावा, मावशी? मला दाखवा."

दोघी खाली गेल्या. संचालकांना मागोमाग जावे लागले, आणि संचालक निघाल्यावर बाकीच्यांनाही. मावशींनी कपाटातून काच काढली, खणातले पिवळे पाकीट तिच्या शेजारी ठेवून कापलेला कोपरा सर्वांना दाखवला आणि काच चकचकीत बाजू वर करून दिव्याच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी पट्टी लावली, मध्यापासून मोजले, पुन्हा मोजले, आणि भिंगाला डोळा लावला.

"आहे," त्या म्हणाल्या. "इथं एक तारा आहे."

"एकशे अठरा," मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी निळी काच काढली, लाल काच काढली, दोहोंतला फरक दाखवला. आणि शेवटी वही काढली. एकशे अठराची एकेचाळीस काचांवरची हकीकत त्या वहीत क्रमवार होती: कधी मंदावला, कधी सावरला, कोणत्या वर्षी धाकट्या जावेच्याही खाली उतरला. मरणाऱ्या ताऱ्याचे इतके दीर्घ टिपण इतरत्र कोणाकडेही नसावे, असे मॅडम हळूच म्हणाल्या. संचालकांनी विचारले की हे सर्व आम्हाला आधी का कळवले नाही. मावशींनी खणातून तीन अर्जांच्या पोच घेतलेल्या प्रती काढून टेबलावर मांडल्या, दुधी काचेच्या उजेडात, जेणेकरून शिक्के नीट दिसावेत.

शुक्रवारी मालमोटार आलीच, कारण तिला नको म्हणून सांगायचे काम कोणाचे हे ठरले नव्हते. मावशी काचखोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, चालकाला त्यांनी पाणी दिले आणि वरच्या मजल्यावरच्या तीन मोडक्या खुर्च्या देऊन त्याला वाटेला लावले. सोमवारी लेखी आदेश निघाला: काचा जागीच राहतील, खोली कोणालाही देण्यात येणार नाही, आणि चित्रे पुन्हा काढताना काचमावशींची सही घेतल्याशिवाय एकही काच हलवू नये. आदेशात 'प्रशासनाच्या दूरदृष्टीने जतन झालेला ठेवा' असे शब्द होते. मावशींनी ते वाचले आणि नेमक्या त्या ओळीवर चहाचा कप ठेवला.

शोधनिबंध निघाला तेव्हा त्यातली सर्वांत मोठी सारणी मावशींच्या वहीवरून घेतलेली होती. ती 'जुन्या नोंदींनुसार' एवढ्या मथळ्यावर भागवावी अशी सूचना वरून आली होती. मॅडमनी ती धुडकावली. नोंदी आपोआप जुन्या होत नाहीत, त्या कोणाला तरी कराव्या लागतात, असे त्यांनी लिहून कळवले. सारणीच्या डोक्यावर मावशींचे स्वतःचे नाव छापले गेले, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावाच्या आधाराविना, आणि पुढे 'मापन' हा एकच शब्द.

लेकीने ते पान चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावले. नणंद रोज कोणाला ना कोणाला घेऊन ते दाखवायला येऊ लागली. काचा पुसण्याचा निवाडा तिने कधी बदलला हे कोणालाच कळले नाही.

"तो जो तारा गेला ना," ती चौकटीपुढे उभी राहून पाहुण्यांना सांगे, "तो आमच्या वहिनींच्या ओळखीतला. फार वर्षं आजारी होता."

"वन्सं, चहा गार होतोय," मावशी आतून म्हणत. पण त्या वाक्यात दुरुस्ती करण्यासारखे त्यांना काही आढळत नसे.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एकेचाळीस नवी, शुभ्र पाकिटे टेबलावर मांडली. प्रत्येकावर पाहण्याची पद्धत स्वच्छ अक्षरांत लिहिली, आणि 'तपासणारा' या रकान्यात, जो आधीच्या पाकिटांवर एकतीस वर्षे कोरा राहिला होता, आपली आद्याक्षरे घातली. मग खणातून कात्री काढली आणि एकेक कोपरा उडवत गेल्या. लिहिलेले कोणी वाचेलच, याचा त्यांना अजूनही भरवसा नव्हता.