कडुनिंबाच्या तीन फांद्या

उपस्थित आणि अनुपस्थित अशा सर्व सज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जळगावच्या पक्षीवेड्या मंडळींतला एक सत्कारप्राप्त, शाल पांघरलेला, हार घातलेला इसम आज स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास उभा राहत आहे. कृपया मोबाइल बंद ठेवावेत. लहान मुलांना मांडीवर घ्यावे.

झालं. अशी सुरुवात केली की मला बरं वाटतं. पण यापुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वाणी सरांना तर नाहीच. गंमत अशी, की त्या सहलीची गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत, दुकानाच्या गल्ल्यावर, एकदा तर आमच्याच ग्रुपमधल्या दंतवैद्य डॉक्टरबाईंच्या खुर्चीत, तोंडात कापूस असताना. मी पोटावर सरपटून दाखवतो, पंख पसरून दाखवतो, लोक हसतात. फक्त मधला अर्धा तास गाळतो. कुणाला कधी कळलं का? नाही. गोष्ट त्या अर्ध्या तासाशिवायही छान चालते.

आम्ही पाच जण. म्होरके वाणी सर, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. त्यांचा नियम एकच आणि कडक – घरट्यापासून तीस फूट लांब थांबायचं, दहा मिनिटांत उठायचं, पानालाही हात लावायचा नाही. मी ठिबकचे पाइप विकतो. कॅमेऱ्याची बॅग दुकानातच पडलेली असते, त्यामुळे तिच्यात वॉशर, टेप, फांद्या छाटायची कात्री असलं काहीबाही नेहमी निघतं. कात्री मी मुद्दाम घेतली नव्हती. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. पण बॅगेत आहे हे मला ठाऊक होतं – मग?

जून सुरू झालेला, पाऊस अजून लांब. सोनगीरच्या अलीकडे महामार्ग सोडून आत गेलं की नानांचं शेत. बांधाला कोरडा नाला आणि नाल्यावर वाकलेला कडुनिंब. त्याच्या एका खालच्या फांदीवर, हात उंचावला तर पोचेल इतक्या उंचीवर, स्वर्गीय नर्तकाचं घरटं. पांढराशुभ्र नर, मागे दोन लांब फिती. नानांना त्याचं पुस्तकातलं नाव माहीत नव्हतं. ते त्याला नवरदेव म्हणायचे. अंडी दिसल्यापासून त्यांनी शेळ्या तिथून हलवून पार पलीकडच्या बांधाला नेऊन बांधल्या होत्या. सरांनी एकदाच सांगितलं होतं. तेवढ्यावर तीन आठवडे म्हातारा रोज चाऱ्याचे भारे शेताच्या त्या टोकाला वाहत होता. कडुनिंबाखालून जाणाऱ्या प्रत्येकाला दटावत होता.

दरवर्षी नोव्हेंबरात आमचं छायाचित्रांचं प्रदर्शन असतं. त्यात पक्षी सांभाळणाऱ्या एका गावकऱ्याचा शाल-नारळ देऊन सत्कार होतो. त्या वर्षी नानांचा होणार होता. सरांनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. नानांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की सत्काराला टोपी चालते की फेटाच लागतो. मी म्हटलं, फेटा लागतो नाना, आणि घोडाही. म्हातारा पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली. सगळे घरात बसले. मी बॅटरीचं निमित्त सांगून उठलो.

आता तो अर्धा तास.

घरट्यासमोर तीन बारीक फांद्या येत होत्या. दोन दिवस माझ्या प्रत्येक फोटोत हिरवा धब्बा. मी कात्री काढली. कच, कच, कच – इतकंच. मध्ये थांबलो का? नाही. ठिबकची नळी कापतो तशा कापल्या. ऊन सरळ घरट्यावर पडलं, कुणी दिवा लावल्यासारखं. मी मागे सरलो. नर आला, घरट्याच्या काठावर बसला आणि त्यानं दोन्ही पंख अर्धे उघडून पिल्लांवर धरले. चोच उघडी. फिती खाली लोंबत. मी एकशेचाळीस फोटो काढले. तो पंख मिटत नव्हता. का मिटत नव्हता, हे मला तेव्हा कळलं होतं का? – कळलं होतं. सरांनीच शिकवलं होतं आम्हाला.

कापलेल्या फांद्यांचं काय करायचं? नाल्यात टाकल्या तर दिसल्या असत्या. मी त्या नेऊन शेळ्यांपुढे टाकल्या. तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. नव्हतं ना? मग हात धुऊन पंगतीला जाऊन बसलो आणि भाकरीवर दोनदा भाजी वाढून घेतली. अक्कांना म्हटलं, अशी शेवभाजी जळगावात मिळाली तर मी पाइपचं दुकान बंद करीन.

संध्याकाळी वारं सुटलं म्हणून सरांनी घरट्याकडे कुणाला फिरकू दिलं नाही. सकाळी गेलो तर घरटं रिकामं. वरच्या फांदीवर कावळा. सर बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मग त्यांना कापलेली टोकं दिसली. धारदार, तिरपी, ताजी. मग डॉक्टरबाईंनी लांब बांधाकडे पाहिलं. शेळ्यांपुढे पानं ओरबाडून खाल्लेल्या कडुनिंबाच्या काड्या पडल्या होत्या.

अजूनही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी वाक्य बोललोही – पण दुसरंच. म्हणालो, “सर, शेळ्यांसाठी तोडलं असेल हो. त्यांना काय कळतं.”

नाना माझ्या मागेच उभे होते.

त्यांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग शेळ्यांकडे, मग हातातल्या विळ्याकडे. हळूच म्हणाले, “मी नही तोडं, सर.”

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “असू द्या, नाना.” सर भले माणूस. त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर नानांना भांडता आलं असतं. ‘असू द्या’पुढे माणूस काय भांडणार? अक्का दारात आल्या होत्या. नानांनी त्यांना विचारलं, तू तोडल्यास का. त्यांनी नाही म्हटलं. मग दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी गाडीत सामान ठेवायला लागलो.

सत्कार रद्द झाला. सरांनी फोनवर सांगितलं, की यंदा कार्यक्रम साधाच आहे. येऊ नका, असं त्यांच्याच्यानं म्हणवलं नाही. म्हणून नाना आले. एसटीनं, नवा सदरा घालून, टोपी घालून. शेवटच्या रांगेत बसले. पुढे बसा, म्हणायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

शाल मला मिळाली. पंख पसरलेल्या नवरदेवाच्या फोटोला पहिलं बक्षीस होतं. पाहुणे फोटोसमोर उभे राहून बोलले, की बापाची माया म्हणजे काय ते या चित्रात पाहा. दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. शाल गरम होती, एवढंच आठवतं.

फोटो आता माझ्या गल्ल्यामागे टांगलेला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगतो, सरपटतो, पंख पसरतो. धुळ्याच्या पुढे माल पोचवायला महिन्यातून एकदा सोनगीरवरून जातो. गाडी थांबवत नाही. आत वळायचा रस्ता डावीकडे येतो आणि जातो. नानांकडे आमचं कुणी परत गेलं नाही. त्यांच्या नावापुढे आमच्या वहीत सरांच्या अक्षरात ‘भरवशाचे नाहीत’ असं लिहिलंय. ते मी खोडलेलं नाही. हे लिहूनही उद्या खोडीन का? माहीत नाही. इतक्या वर्षांत नुसतं पेन उचलायचं होतं.

प्रदर्शनाच्या त्या दिवशी, पाहुण्यांचं बोलणं संपल्यावर, सगळे फोटोभोवती गोळा झाले होते. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ. नाना गर्दीतून वाट काढत पुढे आले. डोळे बारीक करून, नाक काचेला लागेल इतक्या जवळून त्यांनी नवरदेवाला पाहिलं. त्याच्या उघड्या चोचीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळून, हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात, काही आरोप नसलेल्या सुरात ते बोलून गेले. त्यावर दोघं-तिघं हसले, पाहुणेही हसले. वाणी सर हसले नाहीत, आणि मी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

“पन भाऊ, हाई माया कसानी? त्याले तं ऊन लागी राहिनं.”