नामीबाय धवलारीण, अंजूर

माझ्या लग्नात मी माझ्या आईला गाऊ दिलं नाही.

वीस वर्षं हे कुणाला सांगितलेलं नाही. आज आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी आई नामीबाय. भिवंडीजवळच्या अंजूर गावची धवलारीण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाऊन लग्न लावते ती धवलारीण. देवांना बोलावणं, घरातल्या जिवंत आणि गेलेल्या सगळ्यांची नावं घेऊन त्यांना मांडवात आणणं, हे तिचं काम. भटजी असतातच, पण आधी ती.

आईला अक्षरओळख नव्हती. पण दोन दिवस गायची आणि एक ओळ, एक नाव चुकायची नाही.

एकदा काल्हेरला एका मोठ्या गोडाऊनवाल्याकडे लग्न होतं. त्याला घाई. म्हणाला, मावशी, जरा शॉर्टमध्ये आटपा. आई उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "शॉर्टमधी करायचं तं कोर्टान जा."

मग तो माणूस अंगणभर तिच्या मागे फिरला. हात जोडून परत बसवली तिला.

अशी बाई!

आणि मी? मी बी.कॉम. झाले, बँकेत लागले, आणि फार शहाणी झाले. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाय'चं 'नाही' केलं. ठाण्याचं नोकरदार सासर मिळालं. भिवंडीत धामणकर नाक्याजवळचा एसी हॉल ठरला.

एक दिवस आई भाजी निवडत होती. मी म्हटलं, "आई, हॉलमध्ये ते धवले नकोत हं. ते लोक हसतील."

"बरं," म्हणाली.

बस, एवढंच. भाजी निवडत राहिली.

लग्नात ती पहिल्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. गावच्या बायका म्हणत होत्या, नामीबाय, पोरीचं लगीन हाय, उठ की. ती सगळ्यांना सांगत होती, घसा बसलाय.

मला बरं वाटलं होतं तेव्हा. लाज वाटते लिहिताना, पण वाटलं होतं.

दहा महिन्यांनी ती गेली. चार दिवसांचा ताप. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्यात होतो; मी तिथून पोचले तेव्हा ती बोलण्यापलीकडे होती. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

तेराव्यानंतर निघाले, ती पुन्हा अंजूरला गेले नाही. दादा राखीला पुण्यात यायचा. मी कारणं द्यायचे. ऑडिट आहे, परीक्षा आहेत, बीपी वाढलंय. खरं कारण एकच. गावात कुठे ना कुठे हळद असणार, धवले कानावर पडणार, आणि ते मला सहन झाले नसते.

मागच्या महिन्यात दादाच्या मुलाचं लग्न निघालं. दादा फोनवर म्हणाला, आत्याशिवाय हळद लागत न्हाय, येतेस का पोराला कुवारा ठेवू?

गेले, नवऱ्याला घेऊन. शेतं होती तिथे पत्र्याची गोडाऊनं. रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, कौनसा गोडाऊन?" म्हटलं, गोडाऊन नाही रे बाबा, माझं माहेर आहे.

मांडवात आता हिरामावशी धवलारीण. आईची शेजारीण, पूर्वी तिच्या मागून गायची. तिने पहिला धवला उचलला आणि मी सरळ स्वयंपाकघरात पळाले. वडे तळायला बसले.

गाणं मध्ये जरा थांबल्यावर मावशी आत आली. काय झालं, विचारलं. मी बोलून टाकलं सगळं. की मी आईला गप्प केलं, आणि तशीच ती गेली.

मावशी माझ्याजवळ टेकली. मग सांगायला लागली.

माझ्या लग्नाच्या सकाळी मी भिवंडीला पार्लरमध्ये गेले होते. आईने मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. चार बायका बसवल्या. पाटावर माझ्या जागी माझा रोजचा पंजाबी ड्रेस ठेवला, त्याला हळद लावली. आणि धवले गायले. सगळे! सासरच्यांचीसुद्धा नावं घेतली. ती दादाकडून पत्रिका वाचून घेऊन पाठ केली होती. म्हणजे दादाही सामील!

"तुजं लगीन तुज्या आयनंच लावलंय, पोरी. घरान. हॉलान झालं ते जेवान."

घसा खरंच बसला होता तिचा.

मी चिडले. म्हटलं, मग मला का नाही सांगितलं कुणी?

"तीच म्हनली, पोरीला कलवू नका. तिला वाटंल, आयनं माजं ऐकलं न्हाय."

मी तिथेच रडले, भरपूर. कढईतले वडे करपले. आणि मग, खरं सांगू, रडता रडता मला माझ्या आईचा इतका अभिमान वाटला की ऊर भरून आला. माझा शब्द मोडला नाही आणि स्वतःचं कामही सोडलं नाही. भांडली नाही, टोमणा मारला नाही. मुलीचं लग्न अर्धवट ठेवणार नव्हती ती, आणि नाही ठेवलं.

तोंड धुतलं, बाहेर जाऊन मावशीशेजारी चटईवर बसले. गायले. आवाज फाटत होता, पण शब्द सगळे येत होते. गेलेल्यांची नावं घ्यायची वेळ आली तेव्हा मावशी थांबली. आईचं नाव मी घेतलं.

नवरा खुर्चीवरून वाकून विचारत होता, हे काय चाललंय. म्हटलं, या धवल्यांनीच आपलं लग्न लागलंय, नीट ऐक.

आता बँकेतल्या माझ्या मित्रमैत्रिणींसाठी. इतकी वर्षं तुम्हाला सांगत आले की आई हाऊसवाइफ होती. खोटं होतं ते.

माझी आई धवलारीण होती. अंजूरपासून काल्हेरपर्यंत घरोघरची लग्नं तिने लावली. माझंही तिनेच लावलं.

आये, तुझ्या पोरीचा नमस्कार घे.